करुणेचे पऱ्हे घरातच टाकावे लागतात



नागझिऱ्याच्या जंगलाभोवती आपली गावे वसलेली आहेत. पिटेझरी असो, चोरखमारा असो की मंगेझरी, धानाचे काम सगळीकडे सारखेच. पाऊस पडला की शेतकरी आधी पऱ्हे टाकतो. पऱ्हे चांगले आले तरच पुढे रोवणी होते. ज्याचे पऱ्हे विरळ निघाले, त्याची बांधी पाण्याने कितीही भरली तरी तिचा उपयोग नाही.

मुलांच्या मनाचेही असेच आहे. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची नजर, पडलेल्याला हात देण्याची सवय, दुबळ्यावर हात न उचलण्याचा निश्चय, या गोष्टी मोठेपणी बाजारातून आणता येत नाहीत. त्या लहानपणी, घरात, रोजच्या वागण्यातून रुजवाव्या लागतात.

तुमच्या घराने दीक्षा घेऊन कदाचित वर्ष झाले असेल, कदाचित दोन. देव्हारा गेला. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. मुलांना त्रिसरण-पंचशील पाठ झाले. हे सर्व चांगलेच झाले. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. सायंकाळी हात जोडून वंदना म्हणणारे मूल अंगणात येताच कुत्र्याच्या पिलाला दगड मारत असेल, तर त्याच्या तोंडी आलेले शील त्याच्या हातापर्यंत पोहोचले आहे काय? आणि पोहोचले नसेल, तर दोष कोणाचा? मुलाचा, की आपला?

या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगतो. एकदा मुलीच्या हातून काचेचा ग्लास फुटला. मी थकून आलो होतो. रागाच्या भरात तिला नको ते बोललो. ती काही बोलली नाही, खाली बसून तुकडे गोळा करू लागली. त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाच्या हातून पाणी सांडले. तेव्हा माझेच शब्द, माझ्याच आवाजात, तिच्या तोंडून बाहेर पडले. एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. त्या दिवशी मला कळले की मी तिला करुणेवर कितीही प्रवचने दिली असती, तरी ती शिकणार होती माझा राग.

घरात बाप आईवर हात उचलत असेल, मोहाची दारू पिऊन येत असेल, सासू सुनेला टोचून बोलत असेल, तर मूल एक गोष्ट पक्की शिकते. जो बळकट आहे त्याने दुबळ्याला दुखवायचे असते, हाच जगाचा नियम आहे, असे त्याला वाटते. मग ते आपल्याहून दुबळा कोण आहे ते शोधू लागते. कधी धाकटी बहीण सापडते, कधी वर्गातला लंगडा मुलगा, कधी कुत्र्याचे पिलू.

म्हणून मुलांना घडवण्याचा आरंभ स्वतःपासून करावा लागतो. पाचवे शील नशापाण्यापासून दूर राहण्याचे आहे. ते केवळ बापाच्या प्रकृतीसाठी नाही. ते त्याच्या लेकरांच्या झोपेसाठीही आहे. आणि आपल्याकडून चूक झालीच, तर मुलापाशी ती कबूल करावी. "बाई, मी मघाशी चुकलो, तुला उगाच बोललो," असे म्हटल्याने बापाचा मान कमी होत नाही. चूक झाल्यावर काय करायचे असते ते मुलाला त्यातून दिसते.

श्रावस्तीची मुले आणि आपल्या बोडीवरची मुले

भगवान बुद्ध श्रावस्तीजवळ जेतवनात राहत असताना घडलेला एक प्रसंग उदान या ग्रंथात आला आहे. भिक्षेला जाताना त्यांना वाटेत काही मुले दिसली. ती पाण्यातले मासे धरून त्यांना छळत होती. भगवंतांनी मुलांना दटावले नाही, शापही दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, मुलांनो, तुम्हाला दुःखाची भीती वाटते ना? दुःख तुम्हाला नकोसे वाटते ना? मुले म्हणाली, होय. मग भगवंतांनी त्यांना सांगितले की ज्याला दुःख नको आहे त्याने उघड किंवा चोरून पापकर्म करू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत असाच दुसरा प्रसंग आहे. तिथे मुले एका सापाला काठ्यांनी मारत होती. आपल्याला चावेल म्हणून मारतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या प्रसंगांतून शिकण्यासारखे काय आहे? बुद्धांनी आज्ञा केली नाही, मुलालाच त्याच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळवले. दुसऱ्याचे दुःख मुलाला दिसत नाही, पण स्वतःचे दिसते. त्या दोहोंमध्ये पूल बांधायचा, एवढेच आईबापाचे काम.

आपल्याकडची मुले गुलेल घेऊन होल्यामागे धावतात. पक्षी पडला की मोठी माणसे हसतात, नेम चांगला आहे म्हणून कौतुकही करतात. पुढच्या वेळी हसू नका, मारूही नका. जवळ बसवा आणि विचारा, "काहून मारलंस? तुले ठेच लागली होती तवा कसं वाटलं होतं?" उत्तर लगेच मिळणार नाही. मूल खाली पाहील. तेवढे पुरे आहे. प्रश्न आत गेला आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणातला पक्ष्याचा प्रसंग आहे. देवदत्ताने बाण मारलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, त्याचा बाण काढला, त्याची शुश्रूषा केली. पक्षी कोणाचा असा वाद झाला. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, असा निवाडा झाला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण सांगून थांबू नका. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे एक मातीचे भांडे ठेवा आणि ते रोज भरण्याचे काम मुलाकडे द्या. आठ दिवसांत त्या भांड्यावर कोण कोण येते हे तेच तुम्हाला सांगू लागेल.

जंगल हा आपला शेजारी आहे

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या जंगलात वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, रानकुत्रे आहेत. शहरातल्या माणसाला त्यांच्याविषयी प्रेम वाटणे सोपे आहे. ज्याची गाय मारली गेली त्याला ते अवघड जाते. हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू.

अशा वेळी मुले आपल्याकडे पाहत असतात. गाय मेली तर पंचनामा करून वनविभागाकडे नुकसानभरपाई मागणे हा आपला हक्क आहे आणि तो जरूर बजावावा. पण सूडाने त्या मढ्यावर विष टाकले, तर वाघाबरोबर कोल्हा, गिधाड आणि गावातले कुत्रेही मरते. हक्क आणि सूड यांतला फरक मुलाला यातून शिकवता येतो.

मोहफुले वेचण्याचेही असेच. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती आग झाडाखालीच थांबत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव, लहान रोपे, सर्व जळून जाते. पाला झाडून बाजूला सारायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच. मुलाच्या हाती काडीपेटी देण्याऐवजी झाडू द्या आणि का ते सांगा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. मोहाच्या झाडाखाली ती पाळता येते.

मात्र एक सावधगिरी हवी. प्राण्यावर दया करणे म्हणजे त्याच्या जवळ जाणे नव्हे. अस्वलालाही मोहफुले आवडतात, म्हणून पहाटे एकट्या मुलाला मोहाखाली पाठवू नये. घरात साप निघाला तर मुलांना दूर करून साप पकडणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे. साप चावला तर मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नये, थेट दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरचे औषध तिथेच मिळते. अंतर राखणे हीसुद्धा मैत्रीच आहे, हे जंगलाकाठच्या मुलांना कळले पाहिजे.

चूक झाल्यावर काय करावे?

मूल खोटे बोलले, चोरी केली, कोणाला मारले, तर आपण काय करतो? बहुतेक घरांत दोनच उपाय असतात. एक मार, दुसरा दुर्लक्ष. बुद्धांनी तिसरा मार्ग दाखवला आहे.

मज्झिमनिकायात बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेला उपदेश आहे. राहुल लहान होता. बुद्धांनी पाण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी ठेवून त्याला दाखवले, मग ते फेकून दिले, मग भांडे उपडे केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे साधुत्व असेच थोडे उरते, फेकले जाते, उपडे होते, हे त्याला समजावले. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा बुद्धांनी सांगितले की आपले प्रत्येक कर्मही तसेच पाहावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, केल्यावर पाहावे. याने मला दुःख होईल काय, दुसऱ्याला दुःख होईल काय, हे तपासावे. चूक झाली असेल तर जाणत्या माणसापाशी ती उघड करावी आणि पुढे सावध राहावे.

यात छडी कुठेच नाही. शाळेतही मुलाला मारणे आता कायद्याने मना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमात तशी तरतूद आहे. मग घरात ते का चालावे? मार खाल्लेले मूल चूक करायचे सोडत नाही, चूक लपवायला शिकते. त्याला आधी शांत होऊ द्या. मग तीन प्रश्न विचारा. काय झाले? त्यामुळे कोणाला दुखले? आता ते भरून काढायला तू काय करशील? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याच्या पोराची पाटी फोडली असेल तर स्वतः जाऊन ती कबूल करणे, आपली पाटी त्याला देणे, हे मुलाला करू द्या. शिक्षेपेक्षा ते कठीण आहे, आणि त्याचा उपयोगही अधिक आहे.

ताट, रोवणी आणि आजारपण

करुणा शिकवण्याच्या जागा घरात तीन आहेत.

पहिली जागा जेवणाचे ताट. मुलाला आणि मुलीला एकच वाढप असावे. मटणाचा चांगला तुकडा, दुधाची साय, अंडे, यांत भाऊ-बहीण असा भेद झाला की मुलगी स्वतःला कमी समजू लागते आणि मुलाला ते कळतही नाही. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आईसाठी काय उरले हे पाहण्याची सवय मुलांना लावा. "माय, तुले भाजी उरली का?" हा प्रश्न ज्या घरात मूल विचारते, त्या घरात धम्म आला आहे असे समजावे.

दुसरी जागा शेत. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. आईबापांनी मुलांना पापापासून आवरावे, चांगल्या कामाला लावावे, विद्या-व्यवसाय शिकवावा, हे त्यात आहे. त्याच सुत्तात कामाला ठेवलेल्या माणसाशी कसे वागावे हेही आहे. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झाले तर त्यालाही द्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्यापैकी बहुतेक जण मजुरीच करत आले. आज काहींकडे थोडी शेती आहे, रोवणीला ते बाया लावतात. दिवसभर चिखलात वाकून उभ्या असलेल्या त्या बायांना पाणी नेऊन देण्याचे काम आपल्या मुलाला द्या. मजुरी देताना त्याला सोबत ठेवा. कुमार सिद्धार्थाने बापाच्या शेतावर उन्हात राबणारे मजूर पाहिले आणि एकाने दुसऱ्याच्या श्रमावर जगावे हे योग्य आहे काय, असा प्रश्न त्याला पडला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. हा प्रश्न आपल्या मुलाला बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून पडला पाहिजे.

तिसरी जागा आजाऱ्याची खाट. विनयपिटकात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्षूची हकीकत आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आणि आनंदाने स्वतः पाणी आणून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. आपल्या मातीतले उदाहरणही आहे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. म्हणून आजी आजारी असेल तर मुलांना "तिकडे जाऊ नको" म्हणून हाकलू नका. संसर्गाचा आजार नसेल तर पाण्याचा पेला, औषधाची वेळ, पाय चेपणे, असे लहान काम त्यांना वाटून द्या. वृद्धाच्या थरथरत्या हाताची ज्याला किळस वाटत नाही, ते मूल माणूस म्हणून मोठे होईल.

ज्याला सगळे हिणवतात त्याच्याशी आपण कसे वागतो?

आता एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आपण जात सोडली असे म्हणतो. पण आपल्या घरात आपल्याहून खालचे म्हणून कोणाकडे पाहिले जात नाही काय? झाडू मारणाऱ्याला वेगळ्या कपात चहा, जंगलातून आलेल्या आदिवासीची टिंगल, दुसऱ्या पोटजातीच्या घरी पाणी न पिणे, हे जिथे चालते तिथे जात गेलेली नाही. ती फक्त एक पायरी खाली सरकली आहे.

मुलांना बाबासाहेबांचे बालपण सांगा. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हाच प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण घरीच केस कापी. १९०१ साली वडिलांकडे कोरेगावला जाताना या लहान मुलांना बैलगाडीच्या प्रवासात पाणीसुद्धा कोणी दिले नाही. हे सांगून मुलाला विचारा, "त्या रात्री तू तिथे असतास आणि तुझ्याकडे पाणी असते, तर काय केले असतेस?" मग दुसरा प्रश्न विचारा, "आज आपल्या वर्गात एकटे कोण बसते?"

गावात एखाद्या एकट्या म्हातारीला जादूटोणा करणारी म्हणून बदनाम केले जाते. मुले तिच्या दारावर दगड मारतात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. पण त्या म्हातारीला कायद्याआधी शेजाऱ्याची गरज असते. सणासुदीला केलेली खीर वाटीत घालून तुमचे मूल तिच्या दारी पाठवा. एका वाटीने तुमच्या मुलाच्या मनातले भय जाईल आणि गावाला तुमचा धम्म दिसेल.

करुणा म्हणजे लाचारी नव्हे

काही माता विचारतात, "जग आमच्या लेकराशी निर्दय आहे. शाळेत त्याला जातीवरून बोलतात. अशा लेकराला मऊ करून काय करू? उद्या त्याला सगळे तुडवतील."

हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर टाळता येणार नाही. बाबासाहेबांनी मे १९५६ मध्ये बी.बी.सी.वरील भाषणात बौद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे ते सांगितले होते. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे त्यांनी एकत्र सांगितली. एकटी करुणा त्यांनी मागितली नाही. समता नसलेली करुणा उपकार होते. प्रज्ञा नसलेली करुणा फसते.

म्हणून मुलाला सांगा की कोणी अपमान केला तर मान खाली घालू नकोस. ताठ उभा राहा, हे चूक आहे असे म्हण, घरी येऊन सांग. आणि त्याने सांगितले की तुम्ही शाळेत जा, गुरुजींना भेटा, अर्ज द्या. "जाऊ दे, सहन कर" असे म्हणू नका. पण त्याच वेळी त्याला हेही सांगा की तुला मिळालेला अपमान तू दुसऱ्याला द्यायचा नाही. वरून आलेला घाव खाली ढकलायचा, ही जातीची रीत आहे. तो घाव आपल्यापाशी थांबवायचा आणि जिथून आला तिथे न्याय मागायचा, ही धम्माची रीत आहे. ज्याला हे जमले ते मूल मऊ नाही. ते फार बळकट आहे.

या पंधरवड्याचा अभ्यास

१. रात्री वंदनेनंतर पाच मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने, मोठ्यांनीही, दोन गोष्टी सांगाव्यात. आज मी कोणाला मदत केली? आज माझ्यामुळे कोणाला दुखले? कोणी कोणाला रागावू नये.

२. पाण्याचे भांडे, आजीचे औषध, गुरांचे पाणी, यांपैकी एका जिवाची जबाबदारी प्रत्येक मुलाकडे द्यावी.

३. घरातील मोठ्यांनी पंधरा दिवस मुलांसमोर कोणाच्याही जातीचा, रूपाचा, अपंगत्वाचा उल्लेख हसण्यासाठी करू नये. चुकल्यास मुलांनी आठवण करून द्यावी आणि मोठ्यांनी ती मानावी.

४. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते तेव्हा मुलांना सोबत न्यावे आणि घरी आल्यावर त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत ऐकावे.

पहिल्या आठवड्यात फारसे काही दिसणार नाही. पऱ्हेही टाकल्या दिवशी उगवत नाहीत. पण एखाद्या संध्याकाळी तुमचे मूल चिखलात पडलेले पिलू उचलून आणील, किंवा वर्गात एकट्या बसणाऱ्या पोराला सोबत घेऊन घरी येईल आणि विचारील, "माय, याले जेवायले देशील ना?" त्या वेळी चुलीवर भात थोडा असला तरी नाही म्हणू नका.

जय भीम!